हाउस-टेक्नोचे मिक्स ऐकायचे कसे: नवख्यांसाठी पायरीपायरीने

दोन तासांचा मिक्स, म्हणजे डीजेने एकमेकांना जोडून सलग वाजवलेले ट्रॅक, लावला, दहाव्या मिनिटाला सगळं एकसारखंच वाटायला लागलं आणि बंद करून टाकला. हाउस-टेक्नोकडे, म्हणजे क्लबात नाचायला वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीताकडे, नव्याने वळणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. मुखडा कधी येतो, अंतरा कुठे सुरू होतो, गायक कोण, अशा गाणं ऐकायच्या सवयीने ते मिक्स ऐकतात, आणि मिक्समध्ये नेमकं तेच फारसं नसतं. तिथे ऐकायचं असतं ते एका ट्रॅकमधून दुसऱ्यात जाणं. डीजेची निवड, त्याचा स्वभाव, त्याने कोणाकडून काय उचललं, हे सगळं त्या सांध्यात सापडतं. म्हणून आपण सांध्यापासून सुरू करू आणि तिथून मागे, रेकॉर्डी बनवणाऱ्या नि वाजवणाऱ्या माणसांपर्यंत जाऊ.

पायरी 1: आधी मोजायला शिका

हाउसचा कुठलाही एक ट्रॅक घ्या. खालचा जड ठोका, म्हणजे किक, प्रत्येक मात्रेवर पडतो: एक, दोन, तीन, चार. दोन आणि चारवर टाळी किंवा स्नेअर (कडक वाजणारा ड्रम). दोन किकच्या मधल्या जागेत हाय-हॅटचा (झांजांच्या जोडीचा) ‘त्स’. चार मात्रांचा एक बार, आणि आठ बार झाले की 32 मात्रा. आता बोटांवर मोजत ऐका. नवा आवाज येणं, एखादा आवाज गळणं, किक थांबणं, हे सगळं साधारणपणे 16 किंवा 32 मात्रांच्या हद्दीवरच होतं. तबल्याचं आवर्तन मोजायची सवय असलेल्याला हे पटकन जमेल, कारण इथेही समेची वाट पाहायची असते, फक्त ती बरीच लांबून येते.

वेग मिनिटाला किती ठोके यावर, म्हणजे बीपीएममध्ये मोजतात. 120 बीपीएमला 32 मात्रा बरोबर 16 सेकंदांत संपतात. एवढं गणित डोक्यात ठेवलं तरी पुढचं सोपं जातं. हाउस साधारण 118 ते 128च्या आसपास चालतं, टेक्नो त्याच्या वर, 130-140 आणि कधी त्याहूनही पुढे. पण नुसत्या वेगावरून ओळखायला जाल तर फसाल. हाउसमध्ये डिस्कोचं रक्त आहे: माणसाचा आवाज, पियानो, किंचित झुलणारा ठेका. टेक्नोत यंत्राचा आवाज यंत्रासारखाच ठेवलेला असतो आणि एकच गोष्ट घोळवत राहण्यात मजा असते. मधला पट्टा मोठा आहे, त्यावर वाद घालत बसणाऱ्यांची कमी नाही. तुम्ही त्यात पडू नका.

पायरी 2: पहिला मिक्स नीट निवडा

इथे बरेच जण घाई करतात. महोत्सवाच्या मंचावरची दहा मिनिटांची क्लिप बघायची, ज्यात डीजे हात वर करतो आणि गर्दी उसळते. त्यात सांधे जवळजवळ दिसतच नाहीत, कारण क्लिप उसळीच्या आगेमागेच कापलेली असते. पूर्ण मिक्स हवा, आणि शक्यतो ज्याची ट्रॅकलिस्ट छापलेली आहे असा.

यासाठी अधिकृतपणे निघालेले मिक्स सर्वांत सोयीचे. त्यातल्या प्रत्येक ट्रॅकची परवानगी काढावी लागते, त्यामुळे यादी पक्की असते. 1995 पासून निघणारी ‘डीजे-किक्स’ ही मालिका, लंडनच्या फॅब्रिक क्लबने 2001 पासून काढलेली मालिका, अशी बरीच सामग्री आहे. बीबीसी रेडिओ 1 वर पीट टाँगने 1993 मध्ये सुरू केलेला ‘इसेन्शियल मिक्स’ हा दोन तासांचा कार्यक्रम तर तीस वर्षांचा दस्तऐवजच झाला आहे.

अगदी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी साशा आणि जॉन डिगवीड या डीजेंचा 1996चा ‘नॉर्दर्न एक्सपोजर’ सुचवेन. सांधे लांबलचक आहेत, दोन ट्रॅक बराच वेळ एकमेकांवर तरंगत राहतात, त्यामुळे काय चाललंय ते ऐकायला सवड मिळते. जेफ मिल्सचा टोकियोच्या लिक्विड रूम या क्लबातला मिक्स, तोही 1996 मध्येच निघालेला, टेक्नोच्या इतिहासातला मानाचा तुकडा आहे, पण त्याने सुरुवात करू नका. रेकॉर्डी इतक्या भराभर येतात-जातात की नवख्याला सांधा कुठला आणि ट्रॅक कुठला हेच कळत नाही. तो महिन्याभराने ऐका, तेव्हा अंगावर काटा येईल.

पायरी 3: एकच मिक्स पुन्हा ऐका, हातात कागद घेऊन

दहा मिक्स एकेकदा ऐकण्यापेक्षा एक मिक्स पुन्हा पुन्हा ऐकलेला बरा. पहिल्यांदा काहीही न करता, पूर्ण, सलग. दुसऱ्यांदा कागदावर तीन रकाने आखा: वेळ, काय आलं, काय गेलं. ट्रॅकचं नाव माहीत नसलं तरी चालेल. ‘14:20, नवा हाय-हॅट, उजव्या कानात’ एवढंही पुरतं.

तिसऱ्यांदा फक्त सांधे ऐका, आणि तेही हेडफोनवर. हाउसमधला नेहमीचा सांधा साधारण असा उलगडतो. पहिला ट्रॅक शेवटाकडे आलाय, गाणारा आवाज संपलाय, उरलीय किक आणि बेस. मग कुठूनतरी एक जादाचा हाय-हॅट ऐकू येतो. तो आधीच्या हॅटशी तंतोतंत जुळतो, पण त्याचा पोत वेगळा, जरा कोरडा. हा दुसरा ट्रॅक, ज्याचा खालचा भाग डीजेने मिक्सरवर कापून ठेवलाय. पुढच्या 32 मात्रांत त्याची टाळी येते, एखादा सूर डोकावतो. आणि मग, बरोबर हद्दीवर, जमीन बदलते: पहिल्याचा बेस गेला, त्याच ठोक्यावर दुसऱ्याचा आला. वरचं सगळं तसंच चालू असतं, म्हणून बदल कानाआधी पोटाला कळतो. त्यानंतर पहिल्या ट्रॅकचे उरलेसुरले आवाज हळूच काढून घेतले जातात.

याला बेसची अदलाबदल म्हणतात आणि बहुतेक लांब सांधे हिच्यावरच उभे असतात. दोन बेस एकत्र वाजले की आवाज चिखल होतो, म्हणून एका वेळी एकच. हा क्षण एकदा पकडता आला की मिक्स पुन्हा कधी एकसुरी वाटत नाही. बाकीचे प्रकार मग आपोआप ओळखू येतात. सरळ कट म्हणजे एक बंद, दुसरा चालू. कधी जाणाऱ्या ट्रॅकवर एको (प्रतिध्वनी) लावून त्याला विरू देतात, कधी फिल्टरने आवाज हळूहळू बारीक करत नेतात.

पायरी 4: हात ओळखा

आता दुसऱ्या डीजेचा मिक्स घ्या आणि तोच कागद पुढे ठेवा. फरक लगेच दिसेल. काही गोष्टी मुद्दाम तपासा: सांधा किती मात्रांचा आहे, ट्रॅक किती वेळ राहतो, आवाज उतरवायला डीजे घाबरतो का, गाणारा आवाज किती वेळाने येतो.

हे फरक आजचे नाहीत. न्यूयॉर्कमध्ये 1970च्या आसपास फ्रान्सिस ग्रासो दोन रेकॉर्डींचे ठोके जुळवून सलग नाच चालू ठेवत होता. त्याच शहरात डेव्हिड मँकुसो आपल्या ‘लॉफ्ट’च्या पार्ट्यांत पुढे पुढे मिक्स करणंच सोडून देऊन रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवू लागला, कारण बनवणाऱ्याला जे म्हणायचंय ते पूर्ण ऐकावं असं त्याचं मत. दोघांचे वंशज आजही आहेत. रिकार्दो व्हिलालोबोस ट्रॅकला भरपूर वेळ देतो, आणि फॅब्रिक मालिकेतला 2007चा त्याचा 36वा भाग तर पूर्णपणे स्वतःच्याच संगीताचा आहे. रिची हॉटिनने 1999 मध्ये दोन डेकसोबत (रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रांसोबत) इफेक्ट्स आणि रोलँड 909 हे ड्रम मशीन घेतलं, आणि 2001च्या मिक्समध्ये तर ट्रॅकचे बारीक तुकडे करून त्यातून नवीनच वीण विणली. तिथे ‘आता कुठला ट्रॅक चालू आहे’ या प्रश्नाला उत्तरच उरत नाही.

शिकागोची जोडी तर शेजारी शेजारी ठेवून अभ्यासावी अशी. फ्रँकी नकल्स न्यूयॉर्कहून आला, 1977 पासून ‘वेअरहाउस’ या क्लबात वाजवू लागला. तिथे येणारा समाज मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यात समलिंगी पुरुष मोठ्या संख्येने; ‘हाउस’ हे नाव याच क्लबावरून पडलं असं मानलं जातं. नकल्सची तऱ्हा मुलायम, जमवून आणणारी. नव्या रेकॉर्डी कमी पडू लागल्या तेव्हा तो टेपवर जुन्या डिस्को ट्रॅकचे भाग लांबवून, फिरवून वाजवी. कारण 1979च्या जुलैमध्ये शिकागोच्याच बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोट करून उडवण्यात आला होता, आणि मोठ्या कंपन्या त्या संगीतातून अंग काढून घेऊ लागल्या होत्या. रॉन हार्डी, ‘म्युझिक बॉक्स’चा डीजे, दुसऱ्या टोकाचा: रेकॉर्ड वेगाने पळवायची, कधी उलटी वाजवायची, आवाज कानठळ्या बसवणारा. दोघांकडच्या रेकॉर्डी बऱ्याचदा त्याच असत.

पायरी 5: प्रभावांचा माग काढा

मुलाखतीत डीजे ज्यांची नावं घेतो ती लिहून ठेवा, पण त्यावर विसंबू नका. त्याच्या ट्रॅकलिस्टा जास्त खरं बोलतात. पद्धत सोपी आहे. मिक्समधला जो ट्रॅक सर्वांत जास्त आवडला तो घ्या आणि तीन गोष्टी शोधा: बनवणारा कोण, लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) कुठलं, साल कोणतं. यासाठी डिस्कॉग्जसारखी रेकॉर्डींची सूची कामाला येते. वाजणारं गाणं ओळखणारं शझॅम हे ॲप मदत करतं, पण डीजेने वेग फार बदलला असेल किंवा दोन ट्रॅक एकत्र वाजत असतील तर ते गोंधळतं. सांध्यावर नको, ट्रॅकच्या मध्यावर फोन धरा.

एक अडचण नक्की येईल: टोपणनावं. हुआन ॲटकिन्स म्हणजेच मॉडेल 500. डेरिक मे म्हणजे ऱ्हिदिम इज ऱ्हिदिम. लॅरी हर्ड म्हणजे मिस्टर फिंगर्स, रॉबर्ट हूड म्हणजे फ्लोरप्लॅन, हॉटिन म्हणजे प्लास्टिकमन. चार वेगळे कलाकार आवडतात असं वाटत असताना तो एकच माणूस निघतो, हे या छंदात नेहमीचंच.

नमुन्यादाखल दोन माग देतो.

पहिला, ॲसिड या हाउसच्या प्रकाराचा. मिक्समध्ये एखादा किरकिरता, पिळवटणारा, वर-खाली सरपटणारा बेस ऐकू आला, तर तो बहुधा रोलँडच्या टीबी-303 या छोट्या यंत्राचा किंवा त्याच्या नकलेचा. हे यंत्र आलं 1980च्या दशकाच्या सुरुवातीला, एकट्याने सराव करणाऱ्या वादकाला बेसची साथ मिळावी म्हणून. बेससारखं ते काही वाजलं नाही, आणि 1984 मध्ये बंद पडलं. जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्यावर शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाने, डीजे पिएर त्यातलाच, वाजता वाजता त्याच्या खुंट्या पिरगाळत नेल्या. ती टेप त्यांनी हार्डीला दिली. पिएर सांगतो त्याप्रमाणे पहिल्यांदा वाजवल्यावर लोक डान्स फ्लोअरवरून निघून गेले. हार्डीने त्याच रात्री ती पुन्हा पुन्हा लावली आणि चौथ्या वेळी लोक वेडे झाले. 1987 मध्ये ती ‘ॲसिड ट्रॅक्स’ या नावाने निघाली, अकरा मिनिटांहून लांब. म्हणजे इथे प्रभाव नुसत्या रेकॉर्डीचा नाही, ऐकणाऱ्यांना चार वेळा तेच ऐकायला लावणाऱ्या डीजेचाही आहे.

दुसरा माग डेट्रॉइटचा. तिथल्या रेडिओवर ‘इलेक्ट्रिफाइंग मोजो’ नावाचा निवेदक रात्री जर्मनीचा क्राफ्टवर्क हा बँड, पार्लमेंट या बँडचं फंक आणि प्रिन्स एकापाठोपाठ एक लावत असे. जवळच्या बेलव्हिल गावातली तीन शाळकरी पोरं ते ऐकत होती: ॲटकिन्स, मे आणि केव्हिन सॉन्डरसन. ॲटकिन्सने रिक डेव्हिससोबत सायबोट्रॉन हा गट काढला, त्यांची पहिली रेकॉर्ड 1981ची. मॉडेल 500 या नावाने ‘नो यूएफओज’ आली 1985 मध्ये. मे शिकागोला जाऊन नकल्सला ऐकत असे, आणि त्याने नकल्सला एक 909 विकलं हा किस्साही प्रसिद्ध आहे. दोन शहरांचं नातं असं प्रत्यक्ष यंत्राच्या देवघेवीपर्यंत पोचतं. 1988 मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या डेट्रॉइटच्या संकलनाच्या नावातच ‘टेक्नो’ होतं, आणि तेच नाव जगभर झालं. पुढे भिंत पडल्यावर बर्लिनमध्ये 1991 साली एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीखोलीत ‘ट्रेझॉर’ हा क्लब उघडला. त्याच्या लेबलची पहिली रेकॉर्ड डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्सची, म्हणजे माइक बँक्स, जेफ मिल्स आणि रॉबर्ट हूड यांची. त्याच बर्लिनमध्ये मॉरिट्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क एर्नेस्टुस यांनी ‘बेसिक चॅनल’ म्हणून डेट्रॉइटच्या ठेक्यात डब या जमैकन संगीतप्रकाराचा एको आणि पोकळी भरली.

असा एक माग पूर्ण काढला की मूळ मिक्सकडे परत या. जिथे पूर्वी नुसता ‘भारी आवाज’ ऐकू यायचा, तिथे आता माणसं दिसतील.

पायरी 6: एक सांधा स्वतः लावून बघा

डीजे व्हायचं नसेल तरी हे करा. महागडी सामग्री नको: लॅपटॉप, डीजेचं एखादं मोफत सॉफ्टवेअर आणि हेडफोन पुरे. दोन डेकचा साधा कंट्रोलर (सॉफ्टवेअर चालवायचा बटणं-नॉबांचा फलक) मिळाला तर उत्तम, कारण माउसने बेसची अदलाबदल करणं म्हणजे शिक्षा आहे.

एकाच धाटणीचे, जवळच्या वेगाचे दोन ट्रॅक घ्या. समजा पहिला 124 आणि दुसरा 127 बीपीएमचा. दुसऱ्याला साधारण 2.4 टक्के मंद केला की जुळला. वेग बदलला की सूरही सरकतो. जवळपास 6 टक्क्यांना अर्धा स्वर. सॉफ्टवेअरमधलं की-लॉक, म्हणजे वेग बदलला तरी सूर धरून ठेवणारं बटण, हे सावरतं, पण फार ताणलं तर आवाज खरखरतो, म्हणून फरक मुळातच कमी ठेवा.

दुसऱ्या ट्रॅकच्या पहिल्या किकवर क्यू-पॉइंट, म्हणजे ट्रॅक जिथून सुरू करायचा ती खूण, लावा. हेडफोनमध्ये तो ऐकत, पहिल्या ट्रॅकच्या नव्या 32 मात्रांच्या पहिल्या ठोक्यावर सोडा. दोघांच्या किक एकावर एक बसल्या तर एकच घट्ट ठोका ऐकू येईल. सरकल्या तर ठोका दुहेरी, अडखळता होतो. मग जॉग व्हील (डेकवरची गोल चकती) जरासं ढकला किंवा रोखा, आणि तरी पुन्हा पुन्हा सरकत असेल तर वेगाच्या पट्टीतच चूक आहे असं समजा. दुसऱ्याचा बेस शून्यावर ठेवून आवाज वर आणा, 32 मात्रा थांबा, आणि हद्दीवर दोन्ही बेसची नॉब एकाच वेळी उलट फिरवा. मीटर लाल होऊ देऊ नका.

ठोके आपोआप जुळवून देणारं सिंक बटण वापरावं का, यावर भांडणं होतात. माझ्या मते सुरुवातीला थोडे दिवस ते बंद ठेवा, म्हणजे सरकलेला ठोका कानाला कळू लागेल. एकदा कळला की खुशाल वापरा. ऐकणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. कुठल्या स्वराचे ट्रॅक एकमेकांशी जुळतात हे दाखवणाऱ्या चक्राचंही तेच. उपयोगी आहे, पण त्याच्या आहारी गेलेल्यांचे मिक्स बरेचदा गुळगुळीत आणि निर्जीव होतात. दोन ट्रॅक कागदावर जुळत नसूनही एकत्र भारी वाजत असतील तर कानाचं ऐका.

आणि आवाज बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये क्लब-कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. हेडफोनमध्ये तासन् तास बसणाऱ्याने त्याच्या बऱ्याच खाली राहायला हवं. क्लबात जाताना इअरप्लग न्या. सांधे त्यातूनही ऐकू येतात, उलट जास्त स्पष्ट.

पायरी 7: अर्ध्या तासाचा मिक्स

सहा-सात ट्रॅक पुरतात. सुरुवातीलाच सर्वांत जोरकस ट्रॅक टाकू नका, नाहीतर पुढे जायला जागाच उरत नाही. दोन गाणारे आवाज एकमेकांवर येऊ देऊ नका. एखाद्या ठिकाणी लांब सांधा न लावता सरळ कट मारून बघा. सलग रेकॉर्ड करा, मध्ये चुकलं तरी थांबू नका, आणि ऐका दुसऱ्या दिवशी, त्याच तीन रकान्यांच्या कागदावर. सांधा फसलेला वाटला तर हाताला दोष देण्याआधी निवड तपासा: त्या दोन ट्रॅकना एकमेकांशेजारी बसायचंच नसेल तर कितीही सफाईने जोडले तरी ते अवघडलेलेच वाजतात. क्रम बदला, मधला एखादा काढून टाका, पुन्हा रेकॉर्ड करा.

कोणाला पाठवणार असाल तर सोबत ट्रॅकलिस्ट द्या, आणि त्यात कलाकार व ट्रॅकबरोबर रिमिक्स कोणाचं आणि लेबल कुठलं हेही लिहा. हाउस-टेक्नोत मूळ ट्रॅक आणि त्याचं रिमिक्स यांत नावापलीकडे काहीच सारखं नसतं असं पुष्कळदा होतं, आणि नुसत्या नावावरून शोधणारा भलत्याच रेकॉर्डीवर जाऊन पोचतो.